चप्पल मात्र खालीच राहिली

थाप मारणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुरलेल्या माणसाची थाप ऐकलेली नसते. माझा मामा त्या कलेत मुरलेला होता. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर उन्हाळ्यात गाद्या पडायच्या, पाण्याचा तांब्या उशाशी यायचा आणि आम्ही भावंडं सरकत सरकत मामाच्या गादीपाशी जमायचो. त्याला गडकोट हिंडायचं वेड. एकदा हरिश्चंद्रगडाहून आला तो कोकणकड्याची गोष्ट घेऊनच.

“कड्यावरून टोपी खाली टाकली. काय झालं असेल?”

“पडली.”

“परत आली. वाऱ्यानं आणून हातात दिली.”

इथपर्यंत सगळं खरं होतं. कोकणातून येणारा वारा त्या आत वळलेल्या उभ्या कातळावर आदळतो, पुढं जायला वाट नसते, म्हणून तो कड्याला घासत सरळ वर चढतो. हलकी वस्तू टाकली तर ती वर फेकली जाते. सह्याद्रीत पावसाळ्यात नाणेघाटासारख्या ठिकाणी याच वाऱ्यानं धबधब्याचं पाणीसुद्धा उलटं उडतं. मामानं आधी हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग तो पुढं सरकला.

“म्हटलं, टोपी येते तर आपण का नाही यायचं? टोपी घट्ट बसवली आणि मारली उडी.”

“मग?”

“मग काय! इथं कोण बसलंय तुमच्यासमोर?”

धाकट्या भावाला शंका आली. “मामा, आणि तुझी चप्पल?”

मामा जराही अडखळला नाही. “चप्पल जड रे. ती मात्र खालीच राहिली. पुढं कुणा भल्या माणसानं पोस्टानं पाठवली. तीही एकच. दुसरीची अजून वाट बघतोय.”

आम्ही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून आजीनं हाक मारली.

पुढं मी भौतिकशास्त्र शिकले. आता अकरावी-बारावीच्या मुलांना तेच शिकवते. त्या रात्रीचा विचार करते तेव्हा मला पक्कं वाटतं की आम्ही हसलो ते उडीला नव्हे, चप्पलेला. कड्यावरून उडी मारून माणूस परत आला, एवढंच कुणी सांगितलं तर ऐकणारा फार तर मान हलवील. पण चप्पल खाली राहिली आणि मामा हिशोब ठेवणारा माणूस ठरला. एक नियम त्यानं मोडला होता. त्याची भरपाई म्हणून बाकीचे सगळे काटेकोर पाळले. जड वस्तू खाली जाते. हरवलेली वस्तू कुणाला तरी सापडते. जोडातली एक मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही. अशक्य गोष्टीच्या चारी बाजूंनी त्यानं शक्य गोष्टींची भिंत बांधली.

कॉलेजात गेल्यावर मी त्या गोष्टीचा खरोखरच हिशोब मांडला. हवेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग आधी वाढत जातो, तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. पोटावर पालथ्या पडणाऱ्या माणसाचा हा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. म्हणजे माणसाला हवेत तोलून धरायचं तर खालून तितक्याच वेगाचा वारा हवा. कापडी टोपीला ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वाराही पुरतो. आणि चप्पल? ढोबळ आकडे घातले तर तिला चाळीसच्या आसपास पुरे. वजन माणसाचं जास्त, पण त्या वजनाच्या मानानं हवेला अडवणारं क्षेत्रफळ चप्पलेकडे कितीतरी अधिक. म्हणजे जो वारा मामाला वर आणील, तो चप्पलेला मामाच्या आधी वर आणील.

सुट्टीत घरी आले तेव्हा वही घेऊनच मामाकडे गेले. त्यानं चष्मा लावला, आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाला, “बरोबर आहे तुझं. चप्पल माझ्या आधीच वर गेली. मी येईपर्यंत पार पुढं निघून गेली होती. म्हणून तर पोस्टानं यावी लागली! पाकिटावर शिक्का ओतूरचा होता. वारा कोकणातून पूर्वेकडेच वाहतो ना?”

ओतूर हरिश्चंद्रगडाच्या पूर्वेलाच आहे, थोडं दक्षिणेला कललेलं. मी नकाशात पाहिलं.

नवा पुरावा आला, मामानं तो मान्य केला, त्याला धरून गोष्ट दुरुस्त केली आणि मूळ दावा मात्र सोडला नाही. पोस्टाचा शिक्का तर त्या दुरुस्तीतून आपोआप उगवला. अशक्य गोष्टीवर उभा असलेला विसंगत विनोद म्हणजे वाटेल ते बोलणं, अशी एक समजूत आहे. मला ती मुळीच पटत नाही. वाटेल ते बोलणाऱ्याच्या गोष्टीत चप्पल नसते.

हा हिशोब माणसाच्या अंगात फार लवकर येतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा एक अभ्यास २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अकरा महिन्यांच्या बाळांना त्यांनी अशक्य गोष्टी घडताना दाखवल्या. काहींना चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवला, काहींना खेळण्यातली गाडी आधाराबाहेर जाऊनही न पडता हवेत राहिलेली. नंतर ती वस्तू बाळाच्या हातात दिली. चेंडू आरपार गेलेला पाहणारी बाळं तो आपटून बघायला लागली. गाडी तरंगताना पाहिलेली बाळं ती उंचावरून टाकून बघायला लागली. जो नियम मोडलेला दिसला, नेमका त्याचाच तपास! बोलता येत नाही, चालता येत नाही, पण आधार काढला की वस्तू पडते हे त्या बाळाला ठाऊक आहे आणि ती पडली नाही तर कुठं हात घालायचा हेही. हे वाचलं तेव्हा मला धाकट्या भावाचा तो प्रश्न आठवला. वय वाढलं, हातात वस्तू नव्हती, म्हणून त्यानं तोंडानं तपास केला इतकंच.

आपल्याकडं मुलांना ज्या गोष्टी पहिल्यांदा सांगतात, त्यांत हा हिशोब जागोजागी आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला आणि कोल्ह्याला सांगते की तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. परत येताना ती भोपळ्यात बसते आणि भोपळा टुणूक टुणूक उड्या मारत जंगलातून जातो. भोपळा उड्या कसा मारतो हे कुठलंच मूल विचारत नाही. पण म्हातारी जाड होऊन आली का, हे सगळी मुलं विचारतात. ती जाड होऊनच येते. उड्या मारणाऱ्या भोपळ्याच्या गोष्टीतही बाकीचा हिशोब चुकलेला चालत नाही, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

केबल घरोघर आलं तेव्हा वाड्यातल्या पोरांना एक नवा मामा भेटला. कार्टूनमधला, वाळवंटात हिंडणारा तो हडकुळा कोयोट, म्हणजे कोल्ह्यासारखा एक प्राणी, आणि त्याच्या हाती कधीच न लागणारा, रस्त्यावरून वाऱ्यासारखा धावणारा पक्षी. चक जोन्स यांचं दिग्दर्शन, मायकेल माल्टीझ यांचं लेखन, पहिला लघुपट १९४९ सालचा. कोयोट कड्याच्या पुढं धावत जातो, हवेत चार पावलं टाकतो, थांबतो. अजून पडलेला नाही. मग तो खाली बघतो. बघितल्यावर पडतो.

इथं गुरुत्वाकर्षण मोडलेलं आहे असं म्हणतात. माझ्या मते ते फक्त लांबणीवर पडलेलं आहे. एकदा कळलं की पडणं पूर्ण आहे. त्यात सूट नाही, खाली गादी नाही, वाटेत झाड नाही. लांबून लांबून बारीक होत जाणारा ठिपका आणि तळाशी धुळीचा एक फुगारा. जोन्स यांनी आत्मचरित्रात या मालिकेचे नियम दिले आहेत. त्यांतला एक असा की शक्य असेल तिथं गुरुत्वाकर्षण हाच कोयोटचा सर्वांत मोठा शत्रू असावा. भौतिकशास्त्राला फाटा देणारी म्हणून जी चित्रं सगळ्या जगात गाजली, ती करणारा माणूस गुरुत्वाकर्षणाला मुख्य पात्राची जागा देत होता.

हवेत थबकण्याच्या त्या क्षणावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण त्यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर टेबल काढते. टेबलावरून चेंडू घरंगळत कडेपर्यंत आला. पुढं त्याचा मार्ग काढा. बरीच मुलं आधी एक आडवी सरळ रेघ काढतात आणि मग ती खाली वळवतात. चेंडू जरा पुढं जाणार, त्याचा जोर संपणार, मग पडणार. मायकेल मॅक्क्लॉस्की यांनी असेच प्रश्न जॉन्स हॉपकिन्समधल्याच विद्यार्थ्यांना विचारले आणि १९८३ साली त्यावर लिहिलं. तिथंही अशी उत्तरं आली. त्यांनी दाखवून दिलं की ही समज मध्ययुगातल्या विद्वानांच्या समजेशी जुळते: फेकलेल्या वस्तूत एक जोर भरलेला असतो, तो संपेपर्यंत ती चालते. डॅनियल सँटबेख याच्या १५६१ सालच्या ग्रंथात तोफगोळ्याचं चित्र आहे. गोळा तिरका सरळ रेषेत वर जातो आणि एका बिंदूपाशी येऊन थेट उभा खाली पडतो. मध्ये वळण नाही. त्या बिंदूपाशी गोळ्याला डोळे काढले तर तो कोयोटच होईल. प्रक्षेपित वस्तू पहिल्या क्षणापासून पुढंही जात असते आणि पडतही असते, तिचा मार्ग परवलयाचा, म्हणजे सलग वळत जाणाऱ्या कमानीसारखा असतो, हे गॅलिलिओनं १६३८ सालच्या ग्रंथात मांडलं.

ते १५६१ सालचं चित्र मी वर्गात दाखवते. मुलांनी काढलेल्या रेघा पुसायच्या आधी दाखवते, आणि त्यानंतर कोयोट. मुलं हसतात आणि हसता हसता स्वतःच्या वहीकडे बघतात. चित्रपटाला आपण का हसतो, तर आपल्या मनातला जुना समज पडद्यावर चालता-बोलता झालेला दिसतो, आणि तो चुकीचा आहे हे अंगाला माहीत असतं. सायकल चालवणाऱ्या, विटी-दांडू खेळणाऱ्या अंगाला गॅलिलिओ ठाऊक असतो. कागदावर मात्र आपण अजून १५६१ मध्येच असतो.

आणि थबकणं अगदीच खोटं तरी कुठं आहे? आमच्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी बांधणीचा हौद. पेशवेकाळापासूनच्या या रहाडी वर्षभर लाकडी ओंडक्यांखाली, मातीखाली बुजवलेल्या असतात. त्यावरून माणसं, गाड्या जात असतात. रंगपंचमीच्या आधी त्या उकरतात, साफ करतात, पूजा करतात आणि रंगाच्या पाण्यानं भरतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक, प्रत्येक ठिकाणचा रंग ठरलेला. मग सुरू होतात धप्पे. काठावरून उसळी घेऊन पाण्यात अंग असं झोकायचं की रंग काठावरच्या बघ्यांवर भिंतभर उडाला पाहिजे. भिजलेला कोरड्याला आत ओढतो आणि दुपार टळून जाते.

काठावर उभं राहून या उड्या नीट बघा. पोरगा वर जातो आणि क्षणभर थांबतो. सगळे तसंच म्हणतात: “वर थांबला बघ!” खरं तर थांबत नाही, पण डोळा खोटंही सांगत नाही. अर्धा मीटर वर उसळलेला माणूस त्याच पातळीवर परत यायला साधारण ०.६४ सेकंद घेतो, आणि त्यातला बरोबर निम्मा वेळ तो वरच्या साडेबारा सेंटिमीटरांत काढतो. वर जाताना वेग कमी होत होत शून्यावर येतो, तिथून पुन्हा वाढायला लागतो. शून्याच्या आसपासचा काळ रेंगाळतो. उडी लहान असो की मोठी, वरच्या पाव उंचीत निम्मा वेळ, हे प्रमाण सुटत नाही. चित्रकार त्या रेंगाळलेल्या काळाला आणखी ताणतो. तीस शतांश सेकंदांचे तो तीन सेकंद करतो. नसलेली गोष्ट तो आणत नाही. निसर्गानं अर्धवट सांगितलेला विनोद तो पूर्ण करतो.

नाशिकमध्ये बसून या विषयावर लिहायचं आणि दादासाहेब फाळक्यांना टाळायचं, हे मला जमणार नाही. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० ला जन्मलेला हा माणूस चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचा. नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. आडनावाची अक्षरं उलटी फिरवली की झालं. लोक त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतात आणि पांडवलेण्याच्या पायथ्याच्या स्मारकात फिरून येतात. माझ्या मनात मात्र त्यांचं एक वेगळं चित्र आहे: एक माणूस कुंडीतल्या वाटाण्यापुढं कॅमेरा लावून बसला आहे आणि रोज एक चौकट घेतो आहे.

ही १९१२ ची गोष्ट. इंग्लंडहून कॅमेरा आणला होता, चित्रपट काढायला भांडवल नव्हतं. चित्रपट म्हणजे काय हे पैसेवाल्यांना कळावं म्हणून त्यांनी दाणा पेरला आणि दिवसाला एक याप्रमाणे त्याची चित्रं टिपली. पडद्यावर दाखवली तेव्हा दाण्यातून कोंब फुटला, वेल सरसर वर चढला आणि बघणारे थक्क झाले. त्यात एकही खोटी चौकट नव्हती. मोडला तो फक्त काळ. बाकीचं सगळं, पानाचं उलगडणं, वेलाचं आधार शोधत फिरणं, जसंच्या तसं.

पहिल्या चित्रपटानंतर, १९१३ मध्येच, त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. इथं असताना १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगपेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात, जुळतात, आकार घेतात. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा जराशी सरकवायची. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर एका मिनिटाच्या मौजेला ९६० वेळा काडी सरकवावी लागते. मध्येच वाऱ्यानं एखादी हलली, बाही लागली, की मागचं सगळं गेलं. काडीला पाय फुटावेत म्हणून माणूस किती वेळ श्वास धरून बसला असेल! अशक्य गोष्टीला किती शिस्त लागते हे मला कुणी विचारलं तर मी या काड्या दाखवीन. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांचा मारुती उडाला, आणि त्याच चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटानं रामही केला आणि सीताही. एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, हाही नियमच आहे.

मारुती म्हटलं की आम्हा नाशिककरांची नजर त्र्यंबक रस्त्याकडे जाते. त्या रस्त्यावर डाव्या हाताला अंजनेरी दिसतो. मारुतीचा जन्म तिथला अशी इथली श्रद्धा आहे. माझीही आहे, आणि जन्मकथेला मी विनोद म्हणणार नाही. पण लहानपणी ती ऐकताना पहिल्यांदा जो आनंद होतो, तो मामाच्या गच्चीवरच्या आनंदाचा सख्खा भाऊ आहे. उगवतं सूर्यबिंब पिकलेलं फळ वाटलं म्हणून बाळानं झेप घेतली. आता पुढचा हिशोब बघा. इंद्राच्या वज्राचा घाव बसतो, बाळ खाली कोसळतं. बाळाचा बाप वायू. तो रागावतो आणि वाहणं थांबवतो. वारा थांबला म्हणजे श्वास थांबला, जीवमात्र तडफडायला लागतं, आणि देवांना धावत यावं लागतं. एक झेप सोडली तर या कथेतली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघते. कथा सांगणाऱ्यानं वारा हे फक्त बापाचं नाव म्हणून ठेवलं नाही. ज्याच्या हातात जे आहे ते तो वापरणारच, हे त्यानं ओळखलं.

तोच मारुती शहरात आला की काय होतो? रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकमेकांना फोन करून विचारतं, पाणी कुठवर आलं? उत्तर फुटांत येत नाही. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असं येतं. गळ्याशी आलं म्हटलं की सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला लागतात. सूर्याकडे झेपावणाऱ्या देवाला आम्ही पुराची पट्टी केलं आहे आणि त्याची आम्हाला कधी विसंगती वाटली नाही. मला हे फार आवडतं. आकाशाची गोष्ट आणि पाण्याचं माप एकाच मूर्तीत नांदतात.

अंजनेरीवरून पुढं गेलं की ब्रह्मगिरी. तिथल्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना दीक्षा दिली असं सांगतात, आणि निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांचा मेळा तिथं जमतो. त्या भावंडांत धाकटी मुक्ताबाई. “मुंगी उडाली आकाशीं, तिनें गिळिलें सूर्यासी” हा अभंग तिचा. एका बाजूला सूर्य गिळायला झेपावलेला अंजनेरीचा बाळ, दुसऱ्या बाजूला खरोखरच सूर्य गिळून बसलेली मुक्ताईची मुंगी! पुढं विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो. माशी विते आणि घार जन्मते. कीर्तनात या अभंगाचा अर्थ सांगतात: मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे ब्रह्म, वगैरे. तो अर्थ खोल आहे, मी तो ऐकत आले आहे. पण अर्थाकडे जाण्याची घाई मला आवडत नाही, कारण मुक्ताईनं स्वतः ती केलेली नाही. माशीला घार झालेली पाहून ती काय करते, हे तिनं शेवटच्या चरणात सांगून ठेवलं आहे: “देखोनि मुक्ताई हांसली.” सातशे वर्षांपूर्वी एक कोवळी मुलगी अशक्य गोष्टी एकीपुढं एक मांडते आणि हसते. त्या हसण्याला मी अभंगाच्या अर्थातूनच वगळू शकत नाही.

पालक कधी कधी विचारतात, मुलं हे सगळं बघून चुकीचं विज्ञान शिकत नाहीत का? लहान मुलांवर लक्ष ठेवावं, गच्चीचं दार लावलेलं असावं, यात दुमत नाही. पण मला भीती वाटते ती वेगळ्या प्रकारची. पडद्यावर अगदी गंभीर चेहऱ्यानं माणूस दहा मजल्यांवरून उडी मारतो आणि कपडे झटकून चालू लागतो, त्याची. तिथं पडण्याला वजनच नसतं. कोयोटच्या पडण्याला आहे.

आणि जे हवेतून अंगारा काढून दाखवतात, त्यांची. गोदाकाठावर वाढलेल्या माणसानं असे हात बरेच पाहिलेले असतात. मामाची थाप आणि तो अंगारा यांत नियम दोन्हीकडे मोडलेला दिसतो. पण मामाला प्रश्न विचारला की तो खुलायचा, पुढची कडी जोडायचा. अंगारेवाल्याला प्रश्न विचारला की आजूबाजूचे लोक तुम्हाला गप्प करतात. थापा ऐकत वाढलेलं मूल चप्पल कुठं गेली हे विचारायला शिकतं, आणि ती सवय पुढं कुणापुढंही सुटत नाही. म्हणून मी प्रत्येक घरात एक तरी थापाड्या मामा असावा या मताची आहे आणि हे मत मी पालकसभेत बोलूनही दाखवते.

वर्गात मी एक गृहपाठ देते. निसर्गाचा एक नियम मोडा. फक्त एक. बाकीचे सगळे पाळा आणि मग घरात दिवसभर काय होईल ते लिहा. बहुतेक मुलं उडण्यापाशी थांबतात. एका मुलीनं मात्र लिहून आणलं की त्यांच्या वाड्यात दर शनिवारी चार ते पाच गुरुत्वाकर्षण बंद असतं. टाकीतलं पाणी त्या तासात नळाला येत नाही, म्हणून आई पावणेचारलाच बादल्या भरते आणि त्यांवर झाकणं बांधते. तळमजल्यावरचा वाणी तासभर दुकान बंद ठेवतो, कारण तराजूला काहीच कळत नाही. झाडायचं नाही, धूळ खाली बसत नाही. पाच वाजायच्या आत सगळ्यांनी जमिनीजवळ यायचं, पण पाच वाजले हे मनगटावरच्या घड्याळात बघायचं. आजोबांचं लंबकाचं घड्याळ चारलाच थांबलेलं असतं.

लंबकापाशी आले तेव्हा मी वही खाली ठेवली आणि वर्गाला तो उतारा मोठ्यानं वाचून दाखवला.

वाद लगेच सुरू झाला. चारचा चहा कसा करायचा? एकजण म्हणाला, पातेल्यातलं दूध पातेल्यात राहीलच कशावरून? दुसरी म्हणाली, बुडबुडे वर येणार नाहीत, म्हणजे दूध उतू जाणारच नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. बुडबुडा वर येतो तो वजनातल्या फरकामुळं. वजनच नसलं तर तो तळाशी राहतो, शेजारच्यांत मिसळून मोठा होत जातो. मी त्यांना ज्योतीचंही सांगितलं: गरम हवा वर चढत नाही, म्हणून ज्योत निमुळती न होता गोल होते आणि मंद, निळसर जळते. मग सगळा वर्ग त्या तळाशी फुगणाऱ्या एकाच बुडबुड्यामागं लागला. तो दुधाला ढकलील. दूध गोळ्यासारखं पातेल्यातून बाहेर येईल. कुठल्या दिशेनं, यावर दोन तट पडले. तास संपला तरी कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी उतारा सुधारून घेऊन आली. शनिवारी चहा साडेतीनलाच उरकायचा आणि थर्मासचं झाकण पाच वाजेपर्यंत उघडायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद त्यात आता होती. भिंतीवरची पाल तिनं नव्यानं आणली होती. पाल चिकटते ती पायांवरच्या अतिसूक्ष्म केसांच्या आणि भिंतीच्या आकर्षणानं, गुरुत्वाकर्षणाचा तिथं संबंध नाही. म्हणून वाड्यात तेवढी एक पालच चार ते पाचमध्ये रोजच्यासारखी चालते, असं तिनं लिहिलं होतं.

“पण मॅडम,” मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “तिनं तोडून टाकलेली शेपटी? ती कुठं जाईल?”